संगीतरचनेचे तीन गुरु

वाचन : १ इतिहास १५:१६-२२, २५:१-८

आपल्या मंडळ्यांत गाणारे पुष्कळ आहेत, वाजविणारेहि आहेत. परंतु नवें गीत चालीसह रचणारे फार थोडे. ज्या मुलाचा गळा गोड आहे त्याची सर्व स्तुति करितात, आणि ज्या मुलीचा हात पेटीवर बसला आहे तिला नाताळांत व लग्नकार्यांत बोलावणें येतें. परंतु एखादें मूल आपल्या मनानें चाल बसवूं लागलें, किंवा एका चालीखालीं दुसरी चाल जुळवूं लागलें, तर त्याचें काय करावें हें घरच्यांस कळत नाहीं. वडील विचारतात, "ह्यानें पोट भरेल काय?" मंडळींतील वृद्ध म्हणतात, "जुनीं गीतें काय वाईट आहेत?" मूल उगें राहतें, आणि मिळालेली देणगी जमिनींत पुरून ठेविलेल्या रुपयाप्रमाणें तशीच पडून राहते.

संगीतरचना ही शिकून येणारी विद्या आहे काय, ख्रिस्ती महाविद्यालयांत ती कशी शिकवितात, आणि ती शिकलेल्या माणसाचा मंडळीस काय उपयोग, ह्या तीन प्रश्नांचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

देणगी आणि शिक्षण

दाविदानें कराराचा कोश यरुशलेमांत आणविला तेव्हां गायनाचें काम कनन्याकडे होतें, आणि तो त्या कामांत निपुण होता एवढेंच कारण शास्त्रांत दिलें आहे. पुढें पंचविसाव्या अध्यायांत मंदिराच्या गायकांची मोजदाद आहे. आसाफ, हेमान व यदूथून ह्यांच्या हाताखालीं तयार झालेले लोक २८८ होते. त्यांचे चोवीस वर्ग केले, आणि प्रत्येक वर्गांत बारा जण आले. पाळ्या ठरविण्याकरितां चिठ्ठ्या टाकल्या तेव्हां लहान-मोठा व गुरु-शिष्य असा भेद केला नाहीं. ह्यावरून दोन गोष्टी दिसून येतात. देवाच्या घरचें गायन शिकवून तयार केलें जात असे, हें एक. आणि शिकणारासहि सेवेंत वांटा मिळत असे, हें दुसरें.

कित्येक भाविकांस वाटतें कीं, गीत हें वरून यावयाचें. तें शाळेंत कसें शिकवितां येईल? पाऊस वरून येतो हें खरेंच. पण म्हणून कोणी शेतकरी नांगर माळ्यावर टाकून बसत नाहीं. चाल सुचणें हें देवाचें देणें आहे. सुचलेली चाल दहा जणांस गातां येईल अशी मांडणें, ही मात्र मशागत आहे, आणि मशागत शिकावी लागते.

गाणारा आपल्या गळ्यानें गातो. रचनाकार दुसऱ्यांच्या गळ्यांसाठीं लिहितो. आपल्याकडे चाल बसविणारा ती तोंडानें शिकवितो. ती एका मुखांतून दुसऱ्या मुखांत जातां जातां थोडथोडी बदलते, आणि त्यांतहि एक गोडी आहे. पश्चिमेकडील रचनाकार सर्व कागदावर लिहितो : कोणता स्वर, किती वेळ, किती हळू, किती मोठ्यानें, आणि त्याच क्षणीं दुसऱ्यांनीं काय गावें तेंहि. ज्यांस तो कधीं भेटणार नाहीं अशा लोकांनीं तें गावयाचें असतें. म्हणून आपल्या मनांतील गोष्ट दुसऱ्यास स्पष्ट कळावी एवढ्यासाठींच त्यास वर्षानुवर्षें शिकावें लागतें. हें शिक्षण देणारे गुरु तीन आहेत, असें म्हणतां येईल. पहिला नियम, दुसरा गाणारांचा गळा, आणि तिसरा लोकांची भाषा.

पहिला गुरु : नियम

अमेरिकेंतील ख्रिस्ती महाविद्यालयांत संगीताची पदवी बहुधा चार वर्षांची असते. आरंभीं विद्यार्थ्याच्या कानाची तयारी करितात. शिक्षक पियानोवर एक ओळ वाजवितो, आणि विद्यार्थी वाद्यास हात न लावतां ती ऐकून लिहितो. उलट, लिहिलेली ओळ पाहून ती तोंडानें गातो. आपल्याकडे सा, रे, ग, म म्हणून अलंकार घोकवितात, त्याच जातीचा हा अभ्यास आहे.

त्यानंतर स्वरमेळ. हा काय आहे हें घरच्या पेटीवर पाहतां येईल. आपल्या पट्टीचा सा धरून सा, ग, प हे तीन शुद्ध स्वर एकदम दाबा. मग म, ध व वरचा सा दाबा. मग प, नी व वरचा रे दाबा. स्वरांच्या ह्या तीन जुड्यांत सातहि शुद्ध स्वर आले. म्हणून शुद्ध स्वरांच्या साध्या चालींतील कोणताहि स्वर घेतला, तरी त्याच्याखालीं ह्या तिहींपैकीं एखादी जुडी बसतेच. आतां प, नी, रे ही जुडी दाबून थोडें थांबा. कान कांहीं तरी वाट पाहत आहे असें वाटेल. लगेच सा, ग, प दाबा. प्रवासी घरीं पोहोंचल्यासारखें वाटेल. पश्चिमेकडील संगीताचा पुष्कळसा इमला ह्या वाट पाहण्यावर व घरीं येण्यावर उभारलेला आहे.

ह्या जुड्या चार आवाजांत वांटावयाच्या असतात. स्त्रियांचा उंच आवाज तो सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचा उंच आवाज टेनर, खालचा बास. चौघांनींहि आपापली ओळ अशी गावी कीं, ती एकटी गायली तरी शोभावी आणि चारी मिळून एक व्हावें. येथें नियम कडक असतात. समजा, खालच्या आवाजांत सा आहे व वरच्यांत प आहे, आणि दोघेहि बरोबरच एक एक पायरी चढून रे व ध ह्यांवर गेले. शिक्षक तेथें तांबडी रेघ ओढितो. ऐकावयास तर तें वाईट नाहीं, मग रेघ कां? कारण त्या क्षणीं दोन आवाज दोन राहत नाहींत. एक दुसऱ्याची सांवली होतो. चार जणांनीं एकत्र राहावें, पण एकानेंहि दुसऱ्यांत नाहींसें होऊं नये, हा ह्या नियमाचा हेतु आहे. मंडळींत नांदावयाचें कसें ह्याचा हा जणूं स्वरांतला धडाच आहे.

ह्या अभ्यासाचा मोठा नमुना योहान सेबास्टियन बाख ह्यांचा. त्यांचा जन्म १६८५ सालीं झाला. १७२३ पासून १७५० सालीं मरण येईपर्यंत ते जर्मनींतील लाइपझिग येथें सेंट थॉमसच्या शाळेचे गायनप्रमुख होते. ल्यूथरन मंडळ्यांत साधे लोक जीं गीतें गात, त्यांच्या जुन्या चालींखालीं बाखनीं तीन तीन आवाज बसविले. हीं चार आवाजांचीं गीतें त्यांच्या मागें, १७८४ ते १७८७ ह्या वर्षांत, चार भागांत छापलीं गेलीं. त्या संग्रहांत ३७१ क्रमांक आहेत. मंडळीच्या गीतांचा हा संग्रह आज जगभरच्या संगीतशाळांत स्वरमेळाचें पाठ्यपुस्तक होऊन बसला आहे.

स्वरमेळाच्या जोडीस दुसरा अभ्यास असतो. त्यास काउंटरपॉइंट म्हणतात. एक चाल दिलेली असते, आणि तिच्याशीं बोलणारी दुसरी स्वतंत्र चाल लिहावयाची असते. व्हिएन्नाच्या दरबारचे संगीतप्रमुख योहान योसेफ फुक्स ह्यांनीं १७२५ सालीं ह्या विषयावर लॅटिन भाषेंत ग्रंथ लिहिला. तो गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें आहे, आणि त्यांत पायऱ्या पांच आहेत. पहिल्या पायरीवर दिलेल्या एका स्वरास एक स्वर. दुसरीवर एकास दोन. तिसरीवर एकास चार. चौथीवर स्वर मागून ओढून धरणें. आणि पांचवीवर ह्या सर्वांचें मिश्रण. हायडन ह्यांनीं हा ग्रंथ आपला आपण अभ्यासिला; मोझार्ट ह्यांनीं त्याच्या आधारें शिष्यांस शिकविलें. फुक्स रोमन कॅथलिक होते व बाख ल्यूथरन. तरी आज विद्यार्थ्याच्या बाकावर दोघे शेजारीं बसतात.

पुष्कळ हौशी तरुण ह्या पायऱ्यांवर कंटाळतात. "मला गीत रचावयाचें आहे, हे हिशेब कशाला?" असें म्हणतात. त्यांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. बाख ह्यांनीं आपल्या नऊ वर्षांच्या मुलाकरितां १७२० सालीं वाजविण्याच्या धड्यांची एक वही आरंभिली. तिच्या प्रारंभीं येशूच्या नांवानें अशा अर्थाचीं आद्याक्षरें लिहिलेलीं आहेत, आणि तेथेंच स्वरांचीं नांवें व बोटें कशीं ठेवावीं हेंहि आहे. त्यांच्या लेखीं लहान मुलाची बोटांची मेहनतहि त्याच नांवानें करावयाची होती. मंदिरांतील काम तेवढें पवित्र आणि वहींतील काम ऐहिक, असा भेद तेथें नव्हता.

दुसरा गुरु : गाणारांचा गळा

आतां एका प्रत्यक्ष महाविद्यालयाकडे पाहूं. अमेरिकेंत मिनेसोटा संस्थानांत नॉर्थफील्ड नांवाचें लहान शहर आहे. नॉर्वे देशांतून तेथें येऊन शेती करणाऱ्या ल्यूथरन लोकांकरितां बेर्न्ट यूलियस मूस नांवाचे पाळक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १८७४ सालीं एक शाळा काढिली. पुढें तिचें सेंट ओलाफ महाविद्यालय झालें. तें आजहि ल्यूथरन मंडळीशीं जोडलेलें आहे, आणि तेथें संगीतरचना हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवितां येते.

ह्या महाविद्यालयाच्या संगीतास वळण लावणारे गृहस्थ एफ. मेलियस क्रिस्टियानसेन होत. ते १८७१ सालीं नॉर्वेंत जन्मले व १८८८ सालीं अमेरिकेस आले. ते मूळचे व्हायोलिन वाजविणारे. १८९७ ते १८९९ हीं वर्षें ते लाइपझिग येथें जाऊन शिकले. तेथें त्यांचे एक शिक्षक गुस्टाफ श्रेक हे होते, जे बाख ह्यांच्याच गादीवर सेंट थॉमसचे गायनप्रमुख होते. १९०३ सालीं क्रिस्टियानसेन सेंट ओलाफ येथें संगीताचे मुख्य झाले. गांवांतील सेंट जॉन्स ल्यूथरन मंडळीचा एक गायकवृंद होता. त्यांतूनच १९१२ सालीं सेंट ओलाफचा गायकवृंद उदयास आला. १९१३ सालीं तो नॉर्वेस जाऊन गायला. १९२० सालीं अमेरिकेच्या पूर्वेकडील मोठ्या शहरांत गायला, तेव्हां मोठमोठे जाणकार थक्क झाले. कारण हे विद्यार्थी वाद्याच्या साथीवांचून आणि कागदहि हातीं न घेतां, सर्व पाठ म्हणत. पुढें त्या देशांत ठिकठिकाणच्या शाळा-महाविद्यालयांनीं ह्या नमुन्यावर आपले गायकवृंद उभारिले. जुन्या लोकचालींवर व मंडळीच्या गीतांवर क्रिस्टियानसेन ह्यांनीं केलेल्या रचना अजून गायल्या जातात. ते १९५५ सालीं वारले.

मंडळीचा गायकवृंद आधीं, आणि त्यांतून महाविद्यालयाचा गायकवृंद, हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. रचना शिकणारास अशा ठिकाणीं मोठा लाभ होतो तो हा कीं, त्यानें लिहिलेलें गाणारे लोक त्याच्याच वर्गांत, त्याच्याच भोजनगृहांत असतात. आज स्वरलेखन संगणकावर करितां येतें, आणि लिहिलेलें यंत्र लागलेंच वाजवूनहि दाखवितें. हें साधन चांगलें आहे, पण तें शिकणारास फसवितें. यंत्रास श्वास घ्यावा लागत नाहीं. यंत्र उंच स्वरावर थकत नाहीं, अवघड उडी चुकत नाहीं, आणि अमुक ओळ कंटाळवाणी आहे असें कधीं म्हणत नाहीं. मनुष्य ह्या तिन्ही गोष्टी करितो. आल्टो गाणाऱ्या मुलींना पानभर एकच स्वर दिला तर त्यांचे डोळे पेंगतात. बास गाणारांस श्वासाकरितां जागा ठेविली नाहीं तर शब्द मध्यें तुटतो. रचनाकार मागच्या बाकावर बसून हें ऐकतो, घरीं जाऊन खोडतो, आणि पुन्हां लिहितो. बहुतेक ठिकाणीं शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यास आपल्या रचना लोकांसमोर सादर कराव्या लागतात. गाणारे त्यानेंच जमवावयाचे, आणि त्यांस विनंति करून, वेळेवर बोलावून, त्यानेंच तयार करावयाचे. ज्याचा स्वभाव तुसडा आहे त्यास हें काम साधत नाहीं. म्हणून स्वरांबरोबर नम्रताहि शिकावी लागते.

तिसरा गुरु : लोकांची भाषा

नियम पुस्तकांतून येतात, गळ्याची ओळख गायकवृंदांत होते. पण तिसरा गुरु घरीं असतो, आणि तोच बहुधा शेवटीं ओळखूं येतो. ह्याचें उत्तम उदाहरण पश्चिम आफ्रिकेंत आहे.

ज्या देशास १९५७ पासून घाना म्हणतात, त्यास पूर्वीं गोल्ड कोस्ट म्हणत. आपल्या शेजारच्या कानडी मुलुखांत काम करणाऱ्या बासेल मिशननें तेथेंहि काम केलें, आणि १८४८ सालीं अक्रोपाँग येथें शिक्षक तयार करणारें महाविद्यालय काढिलें. पुढें तें स्कॉटलंडच्या मिशनकडे आलें. एफ्राइम आमू नांवाचे ख्रिस्ती शिक्षक १९२६ सालीं तेथें शिकवावयास आले. त्यांचा जन्म १८९९ चा. त्यांचें शिक्षण मिशनच्या सेमिनरींत झालें होतें, आणि पाश्चात्य स्वरमेळ त्यांनीं आपल्याकडील एका मेथोडिस्ट पाळकाजवळ बसून शिकला होता. म्हणजे पहिला गुरु त्यांस भेटला होता.

परंतु तेथील मंडळ्या युरोपांतील चालींवर भाषांतरित गीतें गात, आणि त्यांत एक मोठी अडचण होती. तेथील त्वी भाषेंत शब्दाचा अर्थ आवाजाच्या उंचसखलपणावर ठरतो. "पपा" हीच दोन अक्षरें दोन्ही उंच म्हटलीं तर चांगलें असा अर्थ होतो. पहिलें खालीं व दुसरें उंच म्हटलें तर बाप. आणि दोन्ही खालीं म्हटलीं तर पंखा. अशा भाषेंत चाल मनास येईल तशी वर-खालीं जाऊं लागली, तर भाविक मनुष्य म्हणूं पाहतो एक आणि ऐकूं येतें दुसरेंच. आमू ह्यांनीं लोकगीतें जमविलीं, खेड्यांतील गाणारांजवळ बसून तीं ऐकिलीं, आणि भाषेच्या चढउतारास धरून चाल बांधावयाची व त्या चालीखालीं शिकलेला स्वरमेळ बसवावयाचा, अशी रीति घातली. त्यांच्या २५ गीतांचा संग्रह १९३२ सालीं प्रसिद्ध झाला. १९२९ सालीं केलेलें त्यांचें देशगीत आजहि घानांत सर्वत्र गायलें जातें.

हें सर्व सुखानें झालें नाहीं. आमू देशी वस्त्र नेसून उपदेश करीत. देशी वाद्यें उपासनेंत यावींत असा त्यांचा आग्रह असे. अधिकाऱ्यांस हें पटलें नाहीं, आणि १९३३ सालीं त्यांस अक्रोपाँग येथील जागा सोडावी लागली. ते कडवट झाले नाहींत, ख्रिस्ती मंडळीहि त्यांनीं सोडली नाहीं. अचिमोटा येथील महाविद्यालयांत त्यांनीं शिकविण्याचें काम धरिलें, १९३७ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्यें आणखी शिकावयास गेले, आणि परत येऊन पुन्हां आपल्या लोकांकरितां रचना केली. १९६५ सालीं घानाच्या विद्यापीठानें त्यांस सन्मान्य डॉक्टरची पदवी दिली. ते १९९५ सालीं वारले. ज्या गोष्टीकरितां त्यांस जावें लागलें, ती आतां तेथील मंडळ्यांस आपली वाटते.

आपल्या मराठीस हा धडा तंतोतंत लागूं पडत नाहीं, कारण आपली भाषा उंच-सखल आवाजावर अर्थ बदलीत नाहीं. परंतु आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आहे. "दिन" म्हणजे दिवस, "दीन" म्हणजे गरीब. "सुत" म्हणजे पुत्र, "सूत" म्हणजे चरख्यावरचा धागा. परक्या चालींत पहिल्या अक्षरावर लांब स्वर आला कीं, प्रभूचा दिन हा दीन होतो, आणि देवाचा सुत सूत होतो. गाणारास संवयीनें कांहीं वाटत नाहीं. पण दारांत उभा राहून प्रथमच ऐकणारा गोंधळतो. ओवी किंवा अभंग म्हणतांना एकटा गाणारा अक्षर थोडें ओढून किंवा आंखडून वेळ मारून नेतो. चार आवाज बरोबर चालत असले म्हणजे ही मोकळीक राहत नाहीं. रचनाकारानें आधींच विचार करावा लागतो.

छंदांचेंहि असेंच आहे. इंग्रजी गीतांचा अत्यंत प्रचलित छंद आठ, सहा, आठ, सहा अशा अक्षरांचा आहे. आपल्या मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार अशा अक्षरांचे असतात. चौथा चरण आंखूड असल्यामुळें अभंगांत जो ठेहराव येतो, तो त्या इंग्रजी चालींत कोठें बसवावा? रे. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ह्यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग व ओवी हीं आपलीं जुनीं पात्रें टाकून दिलीं नाहींत. तींच घेऊन ख्रिस्ती भजनें लिहिलीं, आणि मंडळीनें तीं आपलीं मानिलीं. शब्दांच्या बाबतींत हें काम झालें आहे. ह्या शब्दांस शोभेल असा स्वरमेळ, आपल्या चालीची वळणें न मोडतां, कसा द्यावा, हें काम मात्र पुष्कळ उरलें आहे. आपल्या संगीतांत मींड आहे, एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणें आहे. खालीं स्वरांची जड जुडी ठेविली कीं तें सरकणें मारलें जातें. कोठें एकच सा धरून ठेवावा, कोठें दोनच आवाज असावे, आणि कोठें चारी यावे, हें जो दोन्ही बाजू शिकला आहे तोच ठरवूं शकेल.

आईबापांस, विद्यार्थ्यास व मंडळीस

आतां पोटाचा प्रश्न. नुसत्या रचनेवर संसार चालविणारे लोक कोणत्याहि देशांत थोडे असतात, हें मुलास आधींच सांगावें. वर आलेले तिघे पाहा. बाख शाळेंतील मुलांस शिकवीत. क्रिस्टियानसेन महाविद्यालयांत शिकवीत. आमू शिक्षक होते. रचना हें त्यांच्या दिवसाचें एक काम होतें, आणि शिकविणें, गायकवृंद चालविणें, ऑर्गन वाजविणें ह्यांवर घर चाले. म्हणून ज्यास रचना शिकावयाची आहे त्यानें शिकविण्याची पात्रताहि मिळवावी. ह्यांत कमीपणा नाहीं. शिकवितांना मनुष्य दुप्पट शिकतो.

परदेशीं जाण्यास खर्च मोठा आहे, आणि शिष्यवृत्ति मिळाली तरी तयारीवांचून जाणें व्यर्थ. ती तयारी येथें होऊं शकते. पाश्चात्य संगीताच्या लेखी परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या संस्थांच्या परीक्षा आपल्या देशांत होतात. त्यांत पायरीपायरीनें आठ इयत्ता आहेत. आपल्या संगीताकरितां विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. त्या परंपरेच्या परीक्षा महाराष्ट्रांत गांवोगांव होतात. विद्यार्थ्यानें दोन्हींचा पाया घातला, तर तो ज्या देशांत जाईल तेथें रिकाम्या हातानें जाणार नाहीं.

महाविद्यालय निवडतांना इमारतींची चित्रें पाहून भुलूं नये. तीन गोष्टी विचाराव्या. रचनेचा शिक्षक स्वतः रचना करितो काय? विद्यार्थ्याच्या रचना तेथील गायकवृंद खरोखर गातो काय? आणि विद्यार्थ्यानें आपल्या भाषेंत व आपल्या रागतालांत लिहिलें तर तेथें त्यास उत्तेजन मिळतें काय? पहिल्या दोहोंस होय असें उत्तर आलें आणि तिसऱ्यास नाहीं, तर विद्यार्थी चतुर होऊन परत येईल, पण परका होऊन येईल.

शेवटीं मंडळीविषयीं. रचनाकाराची अर्धी शाळा मंडळींत असते, आणि ती शाळा आपल्या हातीं आहे. नवें गीत पहिल्या रविवारीं कोणासच आवडत नाहीं. चार रविवार तें गावें, मग गाणारास म्हणावें, "बाळ, ही ओळ उंच जाते, आम्हां म्हाताऱ्यांचा गळा तेथें पोहोंचत नाहीं." ह्या एका वाक्यानें जेवढें शिक्षण होतें तेवढें "छान छान" म्हटल्यानें होत नाहीं, आणि हंसण्यानें तर मुळींच होत नाहीं. दाविदाच्या दिवसांत शिष्याचीहि चिठ्ठी गुरूच्या बरोबर टाकली गेली. आपल्या उपासनेंत महिन्यांतून एक गीत शिकणारासाठीं राखून ठेविलें, तर पुढच्या पिढीस गावयास कांहीं नवें मिळेल. ज्या मुलाची चाल आज अडखळते, त्याच्या चालीवर उद्यां आपलीं नातवंडें देवाची स्तुति गातील, असें समजून त्यास जागा द्यावी.

मंडळींत विचार करण्याकरितां प्रश्न

१. कनन्याकडे गायनाचें काम कोणत्या कारणानें होतें? आपल्या मंडळींत कामें वांटतांना हें कारण पाहिलें जातें काय?

२. चार आवाजांनीं एकत्र असावें, पण एकानेंहि दुसऱ्यांत नाहींसें होऊं नये, ह्या नियमापासून मंडळीस काय शिकतां येईल?

३. आपण नेहमीं गातों त्यांपैकीं कोणत्या गीतांत चालीमुळें शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ बिघडतो? पेटीवर बसून शोधून पाहा.

४. एफ्राइम आमू ह्यांस जागा सोडावी लागली तेव्हां त्यांनीं काय केलें? नव्या रीतीस विरोध करतांना व विरोध सोसतांना ख्रिस्ती मनुष्यानें कसें वागावें?

५. आपल्या मंडळींत चाल रचणारें कोणी मूल आहे काय? त्याचें गीत ऐकण्याकरितां आपण कोणता दिवस नेमणार?